घरापासून वीस मिनिटांवरचं सोलापूर : काय दिसलं, काय टिपलं?

सोलापूर म्हटलं की बाहेरचे लोक ऊन, चादर आणि शेंगाचटणी यापुढे जात नाहीत. आपणही पाहुण्यांना "इथं बघण्यासारखं काय आहे" म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. पाऊस कमी, झाडं खुरटी, माळ उघडा, हे खरंच आहे. पण माळ उघडा म्हणूनच इथं पाखरू लांबून दिसतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालापासून आहे, तेही याच गवताळ माळासाठी. या धाग्यात मात्र तेवढं लांब जायचं नाही. चपला घातल्या, निघालो आणि चहाच्या वेळेला परत आलो, एवढ्या फेरीत काय दिसलं ते सांगा. फोटो मोबाइलवरचा चालेल, हललेला चालेल. तो कसा मिळाला ते मात्र लिहा. नावाऐवजी वर आपापला भाग लिहा. सुरुवात मी करते.

विजापूर रोड

कंबर तलाव माझ्या घरापासून अकरा मिनिटांवर. पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण आमच्या घरात अजून कंबरच म्हणतात. जलपर्णीवरून जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत चालतात, कडेला शेकाट्या उभे असतात. माझा जीव मात्र कवड्या खंड्यावर. काळा-पांढरा, कवड्या लावल्यासारखा. पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, चोच सरळ खाली, पंख वेड्यासारखे हलतात आणि डोकं मात्र तसूभर हलत नाही. मग दगड पडावा तसा पडतो.

पहिलं वर्षभर मी मोबाइल त्याच्या मागे फिरवत होते. सगळे फोटो पाण्याचे आले. मग लक्षात आलं की मासा घेऊन तो पुन्हा त्याच वाळक्या फांदीवर येतो आणि मासा फांदीवर आपटून मगच गिळतो. आता फांदीवर फोकस धरून गप्प बसते. सकाळचं ऊन पाठीवर घ्यायचं आणि स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढायचा, म्हणजे त्याचा पांढरा रंग जळत नाही.

अशोक चौक

आमच्या बोळात झाड म्हणाल तर दारातला कढीपत्ता. दिवसभर शेजारच्या मागांचा खडखडाट, मला लांब फिरायला जमत नाही. सासूबाईंनी एकदा फोडणीसाठी डहाळी तोडली आणि मला हाक मारली, "अगं, पानावर पक्ष्याची घाण आहे, धुऊन घे." ती घाण चालायला लागली!

ती अळी होती, लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या काळ्या-पिवळसर फुलपाखराची. लहानपणी विष्ठेसारखी दिसते म्हणून पक्षी तिला टाळतात. मोठी झाली की हिरवीगार. काडीनं जरा टोचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मी रोज त्याच वेळी, त्याच पानाचा एक फोटो काढला. एका सकाळी कोष रिकामा आणि फुलपाखरू चुरगळलेल्या पंखांनी शेजारी लोंबत होतं. त्या दिवशी घरचा स्वयंपाक उशिरा झाला, कुणी काही बोललं नाही. आता सासूबाई डहाळी तोडायच्या आधी पानं उलटून बघतात.

जुळे सोलापूर

पहिल्या पावसानंतर रिकाम्या प्लॉटवर मृगाचे किडे. लाल मखमल. लेकीनं तळहातावर घेऊन फोटो काढायला लावला, मोठा करून पाय मोजले आणि म्हणाली, "आठ आहेत, मग हा किडा कसा?" बरोबर आहे तिचं, तो कोळ्याच्या गोतातला. मला चाळीस वर्षांत मोजावंसं वाटलं नव्हतं.

बाळे

मी निवृत्त आहे, रोज पहाटे आणि संध्याकाळी निघतो. माझ्या अनुभवात एक चूक आहे, ती सांगावी म्हणून लिहितोय.

एप्रिलात रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत टिटवीनं अंडी घातली. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारलेले आणि मध्ये चार अंडी, टोकं आतल्या बाजूला. मातीच्याच रंगाची, त्यावर काळे डाग. पाय पडेल इतकी बेमालूम. फार हरखलो. जवळून फोटो हवा म्हणून तीन-चार दिवस दुपारी जात राहिलो. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपा घेई आणि मी ते शौर्य समजून तेही टिपत होतो. एक म्हातारी शेरडं घेऊन चालली होती. थांबली आणि म्हणाली, "काय बघलालाव ओ अण्णा? तुमी उभं हाय तवर ती बसत न्हाई. अंडी शिजतील की उन्हात."

मी जागच्या जागी खजील झालो. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांत टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. त्यानंतर स्कूटर लांब लावून, सीटवर बसूनच पाहिलं. दुपारी जोडीतला एक पक्षी कुठून तरी पोट भिजवून येई आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसे. हे मला जवळ जाऊन कधीच दिसलं नसतं. तीन पिल्लं निघाली. चौथं अंडं तसंच राहिलं. माझ्यामुळेच असं छातीठोक सांगता येणार नाही, पण त्या अंड्याचा फोटो मी पुसलेला नाही.

होटगी रोड

काकांनी स्कूटरचं लिहिलं ते अगदी खरं. माणूस चालत आला की पाखरू उडतं, गाडीवर बसलेल्याची त्याला भीती वाटत नाही. थंडीत तारेवर बसलेला नीलपंख मला असाच मिळाला. बसलेला असताना मातकट, कुणी ढुंकूनही बघणार नाही. उडाला की पंखांत दोन निळे, एक गडद आणि एक फिका. बटण दाबून धरलं, तेवीस फोटो निघाले, एकात पंख पूर्ण उघडे.

देगाव

तुम्ही सगळे फोटो काढता, मी गोफण घेऊन उभा असतो, म्हणून लिहू की नको असं वाटत होतं. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, मध्य आशियाकडून आलेल्या. थवा ताटावर उतरला की कणसं मोकळी करतो. माळ्यावर चढून आरोळ्या देऊन घसा बसतो. आमचे वडील मात्र म्हणायचे, टोळ आणि नाकतोडेही ह्याच खातात, सगळा हिशेब कणसावर मांडू नये.

दिवस मावळताना त्या रात्रीच्या मुक्कामासाठी बाभळींकडे निघतात. हजारोंनी. आधी धूर दिसावा तशी रेघ, मग ती रेघ वळते, फुगते, मध्येच काळी होते, मध्येच विरते. ससाणा आत घुसला की सगळा थवा मुठीसारखा आवळतो. डोक्यावरून गेला तर पंखांचा आवाज येतो, नुसता सळसळ, ओरडणं नाही. मी मोबाइल कुंपणाच्या दगडाला टेकवून चित्रफीत घेतली. दिवसभर ज्यांना हाकललं त्यांच्याकडेच संध्याकाळी मान वर करून बघत बसतो, काय करणार. पोरगं विचारतं, "आप्पा, आज गोफण नाही का?"

विजापूर रोड

आप्पा, ते बघायला यायचं आहे. किती वाजता येऊ, आणि अंगावर कुठल्या रंगाचे कपडे नकोत तेही सांगा.

देगाव

या की. साडेपाचला बांधावर हजर राहा, सहाच्या सुमाराला थवा वरून जातो. कपडे मातकट घाला. हुरडा भाजून ठेवतो, मीठ-चटणी आमच्याकडं हाय.