मदत हवी आहे: रॉक ग्लेशियर नेमका सरकतो कसा?

नमस्कार. उंच पर्वतांची उपग्रहचित्रं पाहताना कड्यांच्या पायथ्याशी जिभेसारखे पसरलेले दगडांचे प्रचंड ढीग दिसतात, वर आडव्या वळ्या पडलेले. हे रॉक ग्लेशियर, आणि ते वर्षाला काही सेंटिमीटर ते एक-दोन मीटर पुढे येतात, एवढं वाचलंय. पण साधी हिमनदी तळाशी वितळलेल्या पाण्यावर घसरू शकते. इथे तर सगळंच गोठलेलं, मग हा घसरतो कशावर? उन्हाळ्यात हवा शून्याच्या वर जाते, तरी आतला बर्फ टिकतो कसा? आणि तो येतो कुठून? कृपया जाणकारांनी समजावून सांगावं, बरेच दिवस डोक्यात आहे.

प्रतिसाद

घसरण्याचा भाग फार थोडा. दगडांमधला बर्फ वरच्या वजनाने उताराच्या दिशेने अतिशय संथपणे आकार बदलत राहतो आणि दगडांना सोबत नेतो. स्वित्झर्लंडमधल्या मुर्तेल रॉक ग्लेशियरमध्ये १९८७ साली सुमारे ५८ मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा यातली खरी गंमत कळली. हालचाल सगळ्या जाडीत सारखी नव्हती. तिचा मोठा भाग सुमारे ३० मीटर खोलीवरच्या एका पातळ पट्ट्यात होता, वरचा भाग त्यावर जवळजवळ अखंड वाहून जात होता. पुढे उतार कमी झाला की वेग मंदावतो, मागचा भाग रेटत राहतो, म्हणून वळ्या.

बर्फ टिकतो तो धोंड्यांमुळे. हिवाळ्यात जड, थंड हवा फटींतून खाली उतरते आणि उबदार हवेला बाहेर काढते. उन्हाळ्यात ही थंड हवा तिथेच अडकून बसते.

बर्फाच्या उगमाबद्दल वाद जुना आहे. दगडांच्या फटींत पाणी गोठून आणि हिमस्खलनांचा बर्फ गाडला जाऊन तो तयार होतो, हे खरं. पण अमेरिकेत वायोमिंगमधल्या गॅलिना क्रीकमध्ये पातळ दगडी थराखाली हिमनदीचा स्वच्छ बर्फ सापडलाय. माझ्या मते दोन्ही मार्ग मान्य करावेत.

आल्प्समधल्या अनेक रॉक ग्लेशियरांचा वेग १९९० च्या दशकापासून वाढलाय. बर्फ शून्याजवळ आला की मऊ होतो आणि पाणीही आत शिरतं. हे काळजीचं आहे, कारण पुढच्या टोकावरून दगड जास्त कोसळतात.

तुमच्या चित्रात पुढचा उतार कसा दिसतोय? उभा आणि ताज्या, फिक्या मातीचा असेल तर तो अजून सरकतोय. झाडोरा उगवून उतार बसलेला असेल, तर आतला बर्फ बहुधा केव्हाच संपलाय. चित्र इथे टाकता आलं तर बघू.