मदत हवी आहे : केमो चालू असताना करक्युमिनच्या कॅप्सूल द्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

ताईला स्तनाचा कॅन्सर आहे. दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध, बारापैकी पाच डोस झाले. त्यामुळे बोटांची टोकं बधिर झालीत. परवा बाहीचं बटण लावता लावता दमली आणि शेवटी माझ्यापुढे हात करून गप्प उभी राहिली.

अशात मामांनी करक्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या द्रव्याच्या, कॅप्सूल आणल्यात. 'नैसर्गिक आहे गं, अपाय कसला?' डबीवर बारीक अक्षरात पाइपरीनही लिहिलंय, म्हणजे मिरीतलं द्रव्य. तिथेच पाल चुकचुकली. करक्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं, म्हणून हे घालतात. १९९८च्या एका प्रयोगात पाइपरीनमुळे ते माणसांच्या रक्तात सुमारे २० पट जास्त उतरलं होतं. पण कसं? यकृतातली जी एन्झाइम्स बाहेरच्या रसायनांचा निचरा करतात, त्यांनाच पाइपरीन अडवतं. त्यातलं सीवायपी३ए४ पॅक्लिटॅक्सेलच्या निचऱ्यातही असतं. मग केमोचं औषध अंगात जास्त रेंगाळलं तर या बोटांचं काय होणार?

मामांचा हुकमी एक्का असा की पॅक्लिटॅक्सेलसुद्धा झाडाचंच. आहेच. पॅसिफिक यू झाडाची साल १९६२ साली गोळा केली आणि अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली १९९२ साली. मधली तीस वर्षं काय सालीचा काढा उकळत होते? सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषधही मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतूनच देतात. (सदाफुलीची पानं चावून खा, हेही मामांनी सुचवून झालंय. असो.)

'कॅन्सर होऊ नये म्हणून' घेण्याच्या गोळ्यांचंही मला भय वाटतं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन (गाजरात असतं ते) गोळ्यांतून दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त निघाला. निकाल १९९४चा.

डॉक्टरांना विचारलं. 'नको' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला 'नको'मागचं कारण हवंय, मामांपुढे ठेवायला.

इथे कुणी ऑन्कॉलॉजीतले किंवा फार्मसिस्ट आहेत का? पाइपरीन नसलेलं करक्युमिन चालतं, की केमो संपेपर्यंत सगळंच बंद? ताईने चार कॅप्सूल आधीच घेतल्यात. मंगळवारच्या डोसआधी हे सांगायलाच हवं ना? आणि मामांना न दुखावता कसं सांगितलंत, तेही लिहा.

डबी मी लपवलीये. ताई दोनदा विचारून गेली.