समुद्राला गेलेलं पाणी वाया जातं का?

बी-३०४ (सेक्रेटरी): नमस्कार. उद्यापासून पाणी एकदाच येईल, सकाळी ६ ते ७.३०. वरूनच कमी येतंय. कृपया टाक्या भरून ठेवा आणि वॉचमनवर ओरडू नका, त्याच्या हातात काही नाही.

डी-२०१: हे वाचा सगळ्यांनी. फॉरवर्ड आलंय. "दरवर्षी नद्यांचं अब्जावधी लिटर पाणी समुद्रात वाया जातं, हेच अडवून वळवलं तर कुठेच टंचाई राहणार नाही."

सी-६०२: अगदी बरोबर. डोळ्यांदेखत वाहून जातं आणि आपण बघत बसतो.

ए-५०२ काका: राग मानू नका, पण तो "वाया" शब्द खटकला म्हणून लिहितोय. माझी उभी नोकरी धरणं आणि कालव्यांवर गेली त्यामुळे मी धरणांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. पण नदी समुद्राला जाते ती रिकाम्या हाताने जात नाही. गाळ नेते, गोडं पाणी नेते, आणि खाडीतली माशांची पिल्लं, खारफुटी, किनाऱ्याची वाळू हे सगळं त्यावर जगतं. नाईलवर आस्वानचं मोठं धरण १९७० ला पुरं झालं, पुराचा धोका टळला, वीज मिळाली, हे खरंच आहे. पण पुराबरोबर येणारा जवळपास सगळा गाळ मागे अडकला. मग मुखाजवळचा किनारा समुद्र खायला लागला, शेतात आपोआप पसरणारा गाळ गेला म्हणून खताची पोती आली, आणि पुराचं पाणी समुद्रात पोचेनासं झाल्यावर तिथली सार्डिनची मासेमारी काही वर्षांतच कोसळली. शिवाय त्या जलाशयातून दरवर्षी साधारण १० अब्ज घनमीटर पाणी नुसतं उन्हाने उडून जातं. म्हणजे वाया जायचं ते जातंच, फक्त नदीच्या उपयोगी पडत नाही.

डी-२०१: काका मान्य, पण माणसं महत्त्वाची का मासे? माझी आई ७० वर्षांची आहे, सकाळी उठून बादल्या भरते.

ए-५०२ काका: माणसंच महत्त्वाची रे बाळा. पण धरणाच्या खालच्या अंगालाही माणसंच राहतात.

ए-५०२ काका: एक सांगतो. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील, एका धरणाची घळभरणी होती, म्हणजे बांधात नदीसाठी ठेवलेली शेवटची फट बुजवायची होती. शेवटच्या डंपरची माती पडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण. तीन आठवड्यांनी मोजणीसाठी खाली आठ-नऊ किलोमीटर गेलो तर तिथे नदीच नव्हती. नुसते दगडगोटे, त्यावरचं शेवाळ वाळून कागदासारखं सुटून आलेलं, मधे मधे डबकी. एका डबक्यात घोटाभर पाणी, हात घातला तर कोमट लागलं, आणि त्यात मासे इतके दाटीने की पाठी पाण्याच्या वर, तोंडं वर काढून हवा ओढत होते. काठावर एक म्हातारी मांडीवर जाळं घेऊन बसलेली. मला म्हणाली, साहेब, पाणी कधी सोडणार? आमच्या मंजूर आराखड्यात शेतीचं पाणी होतं, कारखान्याचं होतं, पिण्याचं होतं, खालच्या नदीसाठी थेंबही धरलेला नव्हता. मी तिला पावसाळ्यात येईल म्हणालो आणि जीपमध्ये येऊन बसलो.

सी-१०१ ताई: काका हे पहिल्यांदाच सांगितलंत.

ए-५०२ काका: हो. आज निघालं.

सी-१०१ ताई: मी शाळेत जीवशास्त्र शिकवते म्हणून थोडं जोडते. बंधारा छोटा असला तरी माशाला ती भिंतच. बंगालमध्ये गंगेवरचं फरक्का बराज (मोठा बंधारा) १९७५ ला सुरू झालं, त्याआधी हिलसा मासा समुद्रातून गंगेत शिरून पार अलाहाबादपर्यंत अंडी घालायला यायचा, नंतर वरच्या भागात तो दिसेनासाच झाला आणि त्याच्यावर पोट असलेले मासेमार पण देशोधडीला लागले. दुसरं म्हणजे मोठ्या धरणातून बऱ्याचदा तळाचं पाणी सोडतात, ते थंडगार असतं, त्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे खाली पाणी दिसलं तरी पूर्वीचे मासे, किडे तिथे टिकतीलच असं नाही.

ई-४०३: मी मध्य आशियातल्या अरल समुद्राबद्दल वाचत होते मागच्या महिन्यात आणि झोप लागली नाही खरंच, म्हणजे एकेकाळी जगातलं चौथ्या नंबरचं सरोवर, जवळपास ६८,००० चौरस किलोमीटर, आणि त्यात येणाऱ्या दोन नद्या, अमू दर्या आणि सिर दर्या, १९६० च्या दशकापासून कापसाच्या शेतीकडे वळवल्या तर आपल्या आईवडलांच्या एका पिढीत ते बहुतेक आटलंच, मुयनाक नावाचं बंदर होतं तिथे आता वाळवंटात गंजलेल्या बोटी उभ्या आहेत आणि पाणी कित्येक किलोमीटर लांब. तळाचं मीठ आणि शेतातून वाहून आलेली कीटकनाशकं वाऱ्याने उडतात आणि तिथल्या लोकांच्या छातीत जातात.

सी-६०२: म्हणजे पाणी नेलं कापसाला आणि धूळ खाल्ली कोळ्यांनी?

ई-४०३: हो ना. आणि अमू दर्यातून काढलेला काराकुम कालवा हजार किलोमीटरच्या वर लांब, पण बराचसा कच्चा, अस्तरीकरणच नाही, म्हणजे नदीचं तोडलेलं पाणी शेतात पण नाही पोचलं, वाळूत मुरलं.

ए-५०२ काका: मुरलेलं पाणी पण गप्प बसत नाही. कालवा पाझरतो, वर शेतकऱ्याला भरपूर पाणी मिळालं म्हणून तो पाटाने सोडत राहतो, निचरा कोणी करत नाही, मग भूजल वर येतं आणि खालचे क्षार घेऊन येतं. जमिनीवर पांढरं फटफटीत पीठ दिसतं. क्षारपड झालेली जमीन मी पायाने तुडवली आहे, वरचा पापुद्रा करकरतो आणि खाली पाय रुततो. एकदा चोपण झाली की सुधारायला वर्षं जातात. उद्घाटनाच्या पाटीवर भिजणाऱ्या जमिनीचा आकडा असतो, या बिघडलेल्या जमिनीची पाटी कुठेच लागत नाही.

डी-२०१: मग समुद्राचंच पाणी गोडं करून आणा ना. नद्यांना हात लावायची गरज नाही.

ए-५०२ काका: करतात, आणि जिथे दुसरा इलाजच नाही तिथे करावंच लागतं. पण १००० लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते आणि मागे दुप्पट खारट पाणी उरतं, ते नीट मिसळून सोडलं नाही तर किनाऱ्याजवळचा तळ मरतो. लांबून आणलेलं पाणीही विजेशिवाय येत नाही बरं का. १००० लिटर पाणी १०० मीटर चढवायला पाव युनिटहून जास्त वीज नुसत्या गुरुत्वाकर्षणाला द्यावी लागते, पंपाची घट वेगळी. कॅलिफोर्नियात एका डोंगरावरून पाणी पलीकडे न्यायला सुमारे ६०० मीटर वर ढकलतात. आपण नळ सोडतो तेव्हा मागे कुठेतरी मोटर चालू असते.

सी-१०१ ताई: आणि धरणाची वीज स्वच्छ म्हणतात तीपण दर वेळी नाही. जंगल न तोडता बुडवलं तर ते पाण्याखाली कुजून मिथेन निघत राहतो. ब्राझीलमध्ये बाल्बिना धरणाने २,००० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त भाग बुडवला आणि वीज मिळाली जेमतेम २५० मेगावॅटची.

बी-३०४ (सेक्रेटरी): चर्चा चांगली चालू आहे पण रविवारच्या मीटिंगला दुसऱ्या बोअरचा ठराव आहे. त्यावर पण बोला. जमिनीखालचं पाणी तर कोणाच्या नदीचं नाही.

ए-५०२ काका: सेक्रेटरीसाहेब, तेच तर आहे. उन्हाळ्यात पाऊस नसताना नदी वाहते ती बहुतेक जमिनीतल्या झऱ्यांवर. आपण खालून ओढलं की ती वरून आटते. आणि खाली मातीचे मऊ थर असतील तर पाणी काढल्यावर ते दबतात, पुन्हा पाणी भरलं तरी सगळे फुगत नाहीत, साठवायची जागाच कायमची जाते. कॅलिफोर्नियातल्या सान होआकिन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन जवळपास ९ मीटर खाली बसली, तीन मजली इमारतीएवढी. तिथले कालवेसुद्धा त्या खचण्याने वाकले, म्हणजे उपशाने पाणी आणायची वाटच बिघडवली. आपल्याखाली खडक आहे का माती मला माहीत नाही, पण पहिलं बोअर दर वर्षी किती खाली जातंय हे कोणी मोजलंय का?

बी-३०४ (सेक्रेटरी): मोजलं नाही. मोटर वाला दर वेळी दोन पाइप वाढवतो एवढंच.

सी-६०२: तेच मोजमाप झालं की.

डी-२०१: बरं मग काका धरण पण नको, बोअर पण नको, समुद्र पण नको. करायचं काय माणसाने?

ए-५०२ काका: नको असं मी म्हणतच नाही. पाणी अडवताना आधी नदीचा वाटा बाजूला काढा आणि मग उरलेल्याची वाटणी करा, आम्ही उलटं केलं. आणि वाटा ठेवला की नदी ओळख विसरत नाही. कोलोरॅडो नदी १९६० च्या दशकापासून बहुतेक समुद्राला पोचतच नाही, तिचं सगळं पाणी वरच उचलतात. २०१४ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोने ठरवून आठेक आठवडे पाणी सोडलं. मेक्सिकोतल्या सान लुईस गावात लोक कोरड्या पात्रात येऊन उभे राहिले, लहान पोरांनी तिथे पहिल्यांदा नदी बघितली. काही दिवस ती समुद्रापर्यंत गेली सुद्धा. अरलच्या उत्तर भागात २००५ ला बांध घालून पाणी राखलं तर तिथे मासे परत आले. मी हे वाचतो तेव्हा मला ती जाळं घेतलेली म्हातारी आठवते.

एफ-१०४ मावशी: मला मोठं काही कळत नाही पण आमच्या विंगच्या टाकीचा पाइप रोज पहाटे वाहतो, मी खिडकीतून बघते. आधी पण सांगितलं होतं.

ए-५०२ काका: मावशी, उद्या खाली बादली लावून घड्याळ बघाल का?

एफ-१०४ मावशी: लावते.

(दुसऱ्या दिवशी)

एफ-१०४ मावशी: १५ लिटरची बादली ४० सेकंदात भरली. पाइप २० मिनिटं वाहिला.

ई-४०३: म्हणजे ३० बादल्या. ४५० लिटर, रोज, एका विंगचं.

डी-२०१: माझ्या आईच्या बादल्यांपेक्षा कितीतरी जास्त. बॉल व्हॉल्व्ह गेलाय बहुतेक.

बी-३०४ (सेक्रेटरी): बोअरचा ठराव पुढच्या मीटिंगपर्यंत थांबवतो. आधी सगळ्या विंगच्या टाक्या आणि बोअरची पातळी मोजून घेऊ.

डी-२०१: काका रविवारी ८ वाजता मी येतो टाकीवर, तुम्ही खालूनच सांगा, वर चढू नका. शिडी कोणाकडे आहे?

सी-६०२: आमच्या जिन्याखाली. एक पायरी हलते, धरून चढावं लागेल. मी येतो धरायला.