मदत हवी आहे : ढोलकीवादक भाच्याच्या पुढील वाटचालीबाबत

आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझ्या मोठ्या बहिणीच्या सासरी आजोबांपासून ढोलकी चालत आली असून, आता तिचा मुलगा तमाशाच्या फडासोबत जत्रांमध्ये साथ करतो. धुमेवर, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूवर, डाव्या तळव्याने दाब देत तो जो घुमारा काढतो, तो ऐकून जुनी माणसेही मान डोलावतात. मात्र हंगाम संपला की पावसाळाभर हाताला काम नसते.

अल्लारखाँ यांच्या पोटी जन्मलेल्या झाकिर हुसेन यांनी घरची विद्या 1973 साली ‘शक्ती’ या वाद्यवृंदामधून जगभरच्या श्रोत्यांपुढे नेली, हे त्याला ठाऊक आहे. त्याची इच्छा ढोलकी न सोडता अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षा विशारदपर्यंत देण्याची आहे. मला हे योग्य वाटते, कारण घरात मिळालेले शिक्षण कितीही अस्सल असले तरी नोकरीच्या अर्जावर प्रमाणपत्रच मागतात.

जळगाव किंवा धुळ्यात ढोलकीचा हात न बिघडवता तबला शिकवणारे गुरुजी कोणाच्या परिचयाचे आहेत का? ध्वनिमुद्रणाच्या साथीची कामे कशी मिळतात, तसेच केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेल्यांचा अनुभव काय आहे, हेही कृपया सविस्तर कळवावे.