मोठ्या रिटेलरच्या ताफ्यात ट्रकवर लागताना: आपापले अनुभव सांगा

लांबचापल्ला
भाच्याला काल इथलं, अमेरिकेतलं क्लास ए सीडीएल (ट्रॅक्टर-ट्रेलर चालवायचं व्यावसायिक लायसन्स) मिळालं. "मामा, आता थेट वॉलमार्टलाच अर्ज टाकतो," म्हणाला आणि माझ्या भरतीचे दिवस डोळ्यांपुढे आले. बाहेरून येणाऱ्याला थेट घेत नाहीत. गेल्या ३ वर्षांत ३० महिने ट्रॅक्टर-ट्रेलर चालवल्याचा अनुभव मागतात, शिवाय रेकॉर्ड स्वच्छ हवं. अर्ज करणारे खूप, कारण पगारही तसा आहे. २०२२ मध्ये त्यांनी पहिल्या वर्षाला १,१०,००० डॉलरपर्यंत जाहीर केला होता.

मला घाम फोडला तो प्री-ट्रिपने, म्हणजे निघण्याआधी गाडी तपासून दाखवायच्या परीक्षेने. प्रत्येक भागाला हात लावायचा आणि काय बघतोय, का बघतोय ते मोठ्याने बोलायचं. एअर ब्रेकला तर क्रम चुकून चालत नाही. इंजिन बंद, किल्ली ऑन, ब्रेक पॅडल पूर्ण दाबून धरायचं, मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा (हवेच्या दाबाचं माप) जास्त हवा जाता कामा नये. मग पंप करत राहायचं, काटा ५५ च्या खाली जायच्या आत बझर वाजलाच पाहिजे. बायको कागद धरून परीक्षक व्हायची. आजही तिला सगळं तोंडपाठ आहे.

तुमचं कसं झालं? लिहा, भाच्याला वाचायला देईन.

झेंडू
आमच्याकडेही हेच!! हे अंगणात फेऱ्या मारत "नॉट क्रॅक्ड, बेंट ऑर ब्रोकन" घोकायचे. सासूबाई देशातून आल्या होत्या, त्यांना वाटलं लेक इंग्रजीतून स्तोत्र म्हणतोय 😄

पाणवठा
भाच्याला दुसरी वाट सांगा. वितरण केंद्रात आधीपासून काम करणाऱ्यांना १२ आठवड्यांत सीडीएल देऊन चालक करायचा कार्यक्रम त्यांनी २०२२ मध्ये काढला. पण त्याच्याकडे सीडीएल आहेच म्हणताय, मग आधी कुठेतरी अनुभवच घेऊ दे.

रातराणी
मी दुसऱ्या एका रिटेलरकडे चालवते. मुलाखतीत विचारलं, घाटात बर्फ पडतोय, माल उशिरा पोचतोय, काय कराल? म्हटलं, सुरक्षित जागा बघून गाडी लावेन आणि डिस्पॅचला फोन करेन. समोरच्या बाईंनी लगेच मान हलवली. माझं ठाम मत आहे, हे लोक हात किती चालतो यापेक्षा कुठे थांबता ते बघतात. ११ तास चालवायची मुभा आहे म्हणून ११ तास चालवलंच पाहिजे असं नाही.

झेंडू
ताई, घरी किती असता?

रातराणी
पाच दिवस बाहेर, दोन घरी. मुलगी आता स्वतःची वेणी स्वतः घालते.

उंबरठा
क्लियरिंगहाऊसची (चालकांच्या दारू-ड्रग्जच्या नियमभंगांची सरकारी नोंद) नोंदणी आधीच करून ठेवा. २०२० पासून कंपनीला त्यात बघितल्याशिवाय गाडी हातात देता येत नाही. आणि राज्यात गांजा कायदेशीर असला तरी डीओटीला (केंद्राच्या वाहतूक खात्याला) चालत नाही, पोरांना स्पष्ट सांगा.

गोधडी
बीपीचं कोणी बोललं नाही. १४०/९० च्या खाली असेल तर २ वर्षांचं मेडिकल कार्ड, जरा वर गेलं की वर्षाचंच. आमच्या ह्यांचं डॉक्टर दिसले की चढतं.

पाणवठा
चाचणीआधी कॉफी बंद करा, दहा मिनिटं शांत बसू द्या.

एकलाचालक
माझा अर्ज परत आला. जुन्या कंपनीने झिजलेले टायर बदलायला टाळाटाळ केली, मी दोनदा लेखी कळवलं होतं. तपासणीत पकडलं ते माझ्या नावावर. पीएसपीत (भरतीआधी कंपन्या बघतात ती चालकाची सरकारी नोंद) तपासणी ३ वर्षं दिसते. डेटाक्यूजवर, म्हणजे अशी नोंद दुरुस्त करून मागायच्या सरकारी साइटवर, हरकत घेतली आहे.

लांबचापल्ला
दादा, लेखी कळवल्याच्या प्रती जोडल्यात ना? नसतील तर आजच जोडा. आणि अर्ज परत टाका, माझ्या टर्मिनलला दुसऱ्या खेपेला लागलेले बरेच जण आहेत.

एकलाचालक
जोडतो. धन्यवाद दादा, बरं वाटलं.

गोधडी
विषय सोडून विचारते, तो १२ व्होल्टवर चालणारा डबा मिळतो त्यात खिचडी होते का? ह्यांना रोजचं सँडविच नको झालंय.

रातराणी
होते. तांदूळ-डाळ आधी भिजवून द्या, पाणी थोडं जास्त. गाडी चालू असताना दोनेक तासांत शिजते.

झेंडू
तूप वेगळ्या डबीत द्या हं, झाकण घट्ट बघून.