पेस्ट-पार्सपेक्षा बीकोट बरं
एका उत्तरात म्हटलंय की आर (R) या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत लूपमधून मॉडेलचा फॉर्म्युला (कुठला कॉलम कशावर अवलंबून ते सांगणारी ओळ) बनवायचा तर पेस्टने स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, जोडा, पार्सने त्याचा कोड करा, इव्हॅलने तो चालवा, झालं. मला नाही पटत. आमच्या मालवणच्या मासळीच्या नोंदींत कॉलमची नावं लिलावाच्या वहीतली जशीच्या तशी, 'सुरमई' चाललं पण 'पांढरी कोळंबी' आली की मधल्या स्पेसवर पार्स अडकायचं, अख्खी संध्याकाळ गेली त्यात. ॲज-डॉट-नेमने (as.name) त्या मजकुराचं सिम्बॉल, म्हणजे कोडमधलं नाव, करून बीकोटमध्ये (bquote, कोडचा साचा न चालवता ठेवून त्यातल्या मोकळ्या जागा भरणारं फंक्शन) डॉट आणि कंसात घातलं की स्पेस असो नसो, चालतं.

आणि त्या उत्तरात नाही म्हणून सांगतो, अख्खा एलएमचा (lm, रेषीय मॉडेल बसवणारं फंक्शन) कॉलच बीकोटमध्ये बांधून इव्हॅल करा, म्हणजे मॉडेलच्या समरीत कॉलच्या ओळीत नुसतं व्हेरिएबलचं नाव न येता खरा फॉर्म्युला दिसतो, १२ मासळींची १२ मॉडेलं समोर असली की कुठलं कुणाचं ते तिथेच कळतं.