टाइप १ डायबेटिसवाले कुणी आहेत का? रात्रीची भीती कशी घालवलीत?

चार महिन्यांपूर्वी मला टाइप १ निघाला, वय २६. डॉक्टर चांगले आहेत, इन्सुलिनचं सगळं नीट समजावलं, पण रात्री शुगर उतरेल या भीतीने झोपच लागत नाही आणि घरच्यांना ते कळत नाही. ज्यांनी हे काढलंय त्यांनी प्लीज सांगा.

उत्तर १:
अगं, मला ११ वर्षं झाली. पहिलं वर्ष मीही अशीच जागायचे. ग्लुकोजचा डबा उशाशी ठेव आणि झाकण आधीच सैल करून ठेव, हात थरथरायला लागले की ते उघडतच नाही, हे कुणी सांगत नाही. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, मग १५ मिनिटं थांबून परत चेक.

उत्तर २:
झाकणाचं अगदी खरंय. ती १५ मिनिटं थांबणंच अवघड, मी घाबरून खात सुटायचो आणि सकाळी ३०० दिसायची. फक्त आमचे इन्सुलिनचे डोस बघून स्वतःचा बदलू नकोस, ते डॉक्टरांनाच विचार.

प्रश्नकर्ती:
झाकण आत्ताच सैल करून आले. अजून कुणी असं जागतं हे वाचूनच रडू आलं. व्यायाम केला की रात्री जास्त उतरते का?

उत्तर १:
हो, कधीकधी कित्येक तासांनी उतरते. त्या रात्री झोपताना चेक करच.